सोमवारची तालीम

रविवारची जेवणं आटोपली. शाल्मलीनं घरातल्या पायजम्यावर ब्लेझर चढवला आणि ती नवऱ्याला नोकरीवरून काढायला बसली.

तशी तनयची नोकरी जाऊन चार महिने झाले होते. पण त्याला काढलं होतं दुसऱ्या कंपनीनं. ही नुसती तालीम. शाल्मली एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरला होती आणि सोमवारी सकाळी तिला तिच्या वाट्याची माणसं व्हिडिओ कॉलवरून घरी पाठवायची होती. माणसं घरीच बसलेली असतात, पण भाषा तशी आहे. मागच्या फेरीत बोलताना ज्यांचा आवाज थरथरला, त्या एचआरवाल्यांना पुढच्या फेरीत काढलं. सर्जापूर रोडवरचा हा फ्लॅट आता शाल्मलीच्या एकटीच्या पगारावर उभा होता. आवाज थरथरून चालणार नव्हतं.

"नमस्कार तनय. तुमचं योगदान कंपनी... कधीच विसरणार नाही."

"थांब. 'कधीच'च्या आधी श्वास घेतलास," तनय म्हणाला. "घेऊ नको. आमच्या एचआरच्या बाईनं घेतला होता. मला वाटलं, आता म्हणतेय, चुकून तुम्हाला कॉल लागला."

शाल्मलीनं मान डोलावली. चार महिन्यांत नवऱ्याचं बोलणं तिनं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं, आणि चार महिन्यांत त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं. दोघांचे चेहरे खुलले होते. दृश्य किळसवाणं होतं. पण बघायला कुणी नव्हतं.

"सॉरी म्हणू?"

"सॉरी लीगलला चालत नाही. मान तिरकी कर. अगं, इतकी नाही! दाखवायच्या कार्यक्रमाला बसल्यासारखी दिसतेस."

"ट्रेनिंगच्या भव्या मॅडम म्हणतात, स्वल्प हसायचं."

"अजिबात हसू नको. आमची बाई हसली होती. अजून तिचे दात दिसतात मला."

दुसऱ्या वेळी शाल्मलीनं सगळं एका दमात म्हटलं. कुठे अडखळली नाही. तनयनं नोकरी गेलेल्या माणसाचा चेहरा केला. त्याला फार कष्ट पडले नाहीत.

"पण मॅडम, घरी काय सांगू?"

शाल्मली गोंधळली. "असं विचारतात?"

"मी विचारलं होतं. मला म्यूट केलं."

"म्यूट बंद झालं आता. सहानुभूतीनं ऐकून घ्यायचं, असं वरून आलंय."

"मग ऐका." तनय टेबलाकडे बघत बोलू लागला. "बायको चांगली आहे, मॅडम. काही बोलत नाही. पाहुण्यांना सांगते, तनय ब्रेकवर आहे, आणि आधी स्वतःच हसते. मी केलेला चहा सिंकमध्ये ओतते आणि नळ सोडते, मला ऐकू येऊ नये म्हणून. जवळ गेलो की लॅपटॉप मांडीवर घेते. तिला माझी किळस येते, मॅडम. मला माझी येतेच, पण ती दिवसभर कामही करते."

शाल्मलीचा हात टेबलावरून त्याच्याकडे निघाला. उद्या कॅमेरा चालू असणार, हे तिला आठवलं. तिनं तो मागे घेतला आणि मान तिरकी केली. थोडीशीच.

"तनय, तुम्ही इतक्या मोकळेपणानं सांगितलंत, त्याबद्दल आभार. तुमच्या भावनांची आम्ही दखल घेतली आहे. समुपदेशनाची सोय जोडीदारासाठीही आहे."

आवाज थरथरला नाही.

"जमलं," तनय म्हणाला. त्यानं बाहीनं डोळे पुसले. अभिनय छान झाला, असं दोघांनी न बोलता ठरवून टाकलं.

"अजून एकदा घेऊ," शाल्मली ब्लेझर खाली ओढत म्हणाली. "फक्त ते बायकोचं मध्ये आणू नकोस. माझी लय तुटते."

तनयनं केस नीट केले, खुर्ची पुढे ओढली.

"बरं मॅडम. या वेळी अविवाहित घेतो."