रिव्हर्सचा भोंगा

माणसं जपावीत म्हणून कचऱ्याच्या मोठ्या गाडीला रिव्हर्सचा भोंगा बसवला, आणि तेव्हापासून ड्रायव्हर निकेशने आरशात पाहणंच सोडलं. काल सकाळी त्याने गाडी मागे घेतली, तेव्हा सांडलेला कचरा भरायला वाकलेले, त्याच गाडीवरचे सफाई कामगार बापूजी चाकाखाली आले.

स्मशानातून, मातीवरून परतल्यावर निकेश बापूजींच्या बायकोच्या, भागीरथाच्या, पायाशी कोसळला. "काकू, भोंगा त वाजून राह्यला होता! काका हटले काऊन नाई?"

भागीरथाने पदराचा बोळा तोंडात दाबला. नवऱ्याचं काम जाऊ नये म्हणून दोघांनी जे साऱ्यांपासून झाकलं, ते आता झाकून कोणाचं भलं होणार होतं?



"खाणीतले सुरुंग ऐकून ऐकून तुह्या काकाचे कान कवाचेच गेले होते, बाबू."