केंद्रवार निकाल

मोंटानातल्या त्या विरळ वस्तीच्या काउंटीला स्वतःची अँब्युलन्स मिळावी, म्हणून व्हरलीननं दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि ठराव मतपत्रिकेवर आणला. त्यांची लेक दवाखाना गाठता गाठता वाटेतच गेली होती. नवरा ऑरिन गाडी चालवायचा, कुंपणाकुंपणावर 'हो म्हणा'च्या पाट्या ठोकायचा.

ठराव सात मतांनी पडला. ती ओसरीवरच रडत बसली.

"कर वाढणार म्हटलं की माणसं फिरतात गं," तिच्या केसांवरून हात फिरवत ऑरिन म्हणाला. "तोंडावर गोड बोलतात मेले, पोटात काय ते कुणाला कळणार?"

सकाळी पेपरात केंद्रवार निकाल आला. त्यांच्या केंद्रावर मतदार दोनच, ती आणि तो.

 

'हो' एक. 'नाही' एक.