बिघडवायला आणलेला कॉम्प्युटर

गोष्ट २०१७ सालची. ह्यांच्या धाकट्या भावाला ऐकू येईनासं झालं आणि दोघा भावांचं फोनवरचं बोलणं बंद पडलं. आता पडद्यावर बघून, लिहून बोलावं, म्हणून लेक मला घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. समोर दोन छोटे कॉम्प्युटर होते, साबणाच्या डबीएवढे. मी महागातल्याकडे बोट दाखवलं. “नको आई. चांगले कप, दादाने पाठवलेला कॅमेरा, सगळं बाबांनी कपाटात जपून ठेवलंय. हाही तिथेच जाईल. स्वस्तातला पुरेल त्यांना.” घरी तिने तो टीव्हीला जोडला, अक्षरं मोठी केली. हे लांबूनच म्हणाले, “माझ्या हातून बिघडला तर?” “बिघडवायलाच आणलाय, बाबा. हा जपायचा नाही.” मग ह्यांनी हात सदऱ्याला पुसले आणि एका बोटाने लिहिलं, “बहिऱ्या, जेवलास का?” पडद्यावर भाऊजी हसले. उत्तर आलं, “ओरडू नकोस रे, ऐकू आलं.”

शतशब्दकथेचे माझे शंभर शब्द इथेच संपले, पण पुढचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाऊजी पुढे बरीच वर्षं रोज सकाळी ह्यांच्याशी लिहून भांडले आणि एका दुपारी झोपेतच गेले. लेक दुसऱ्या गावी राहायला गेली. आता ती संध्याकाळी पडद्यावर येते. हे त्या कॅमेऱ्याने बाल्कनीतले पक्षी टिपतात, आणि चहा आम्ही चांगल्या कपांतूनच पितो. कॉम्प्युटर अजून बिघडलेला नाही. त्याचं रिकामं खोकं तेवढं ह्यांनी कपाटात जपून ठेवलंय.