बाबांचं मत

मालिकांमधलं आजवरचं सर्वांत मोठं पात्र कोणतं, हे ठरवणाऱ्या थेट कार्यक्रमात एका मालिकेतले डॉक्टर सगळ्यांच्या पुढे होते. ती भूमिका करणारा नट मुद्दाम पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून स्टुडिओत ऐटीत बसला होता. प्रेक्षकाचा फोन संपला की पडद्यावर एक मत वाढायचं, रेकॉर्ड केलेल्या टाळ्या वाजायच्या आणि नटाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एका बाईंचा फोन लागला. "डॉक्टर, आमच्या बाबांचा पहिला नंबर तुम्हालाच!"

"अरे वा! द्या की बाबांना फोन," नट खुलून म्हणाला.

"तुम्ही एका भागात त्या हृदयविकाराच्या आजोबांच्या गोळ्या खिडकीबाहेर फेकल्या होत्या ना? म्हणालात, 'आजपासून हसणं हेच तुमचं औषध.' बाबा तडक उठले आणि त्यांनी आपल्याही गोळ्या फेकल्या. आमच्या डॉक्टरांनी जीव तोडून समजावलं, पण बाबा ऐकतील तर शपथ! म्हणाले, 'मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय.'"

नटाने घाईघाईने विचारलं, "मग... आता कसे आहेत ते?"

"गेले हो. पण शेवटपर्यंत तुमचंच नाव घेत होते. त्यांचं मत मी दिलं तर चालेल ना?"

नटाने गळ्यातला स्टेथोस्कोप काढायला हात वर नेला, पण तो हात तिथेच थिजला.

फोन संपला. पडद्यावर एक मत वाढलं आणि टाळ्या वाजू लागल्या.