उद्या तीन वाजता

नाहूरच्या त्या शिलाई कारखान्याचा पत्रा मे महिन्यात तव्यासारखा तापायचा. दोन वर्षांचे तापमानाचे आकडे शिकवून गार्गीनं तिथं कॉम्प्युटरवर एक मॉडेल बसवलं होतं. उद्या कुठल्या मशीनपाशी किती उकडेल, ते आजच सांगायचं. तिचा जीव अडकला होता तो तिथं शिवणकाम करणाऱ्या श्रुतिकात. सातवा महिना, आणि उकाड्यानं आणखी एकदा चक्कर आली तर बाळाला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

मॉडेलनं सांगितलं, उद्या तीन वाजता सगळीकडे एकेचाळीस अंश. श्रुतिकापाशी मात्र एकोणतीस.

"तुझ्या कॉम्प्युटरलाच ऊन लागलंय गं," पलीकडच्या मशीनवरच्या सुगंधाताई हसल्या.

"श्रुतिका, त्या एकोणतीसवर भरवसा नको, उद्या घरीच थांब," गार्गी म्हणाली.

"घरचा पत्रा काय कमी तापतो?" म्हणत ती दुसऱ्या दिवशी आलीच.

तीनला वीज गेली, पंखे थांबले. अशा वेळी पोटुशीला शेजारणीनं पदरानं वारा घालायचा, हा तिथला रिवाज. पण श्रुतिकाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. गार्गी धावली, तिचे खांदे धरले, आणि अंगावर काटा आला. तिथं गार होतं. रिळाचा सुटा दोरा संथ लयीत हलत होता.

डोळे मिटूनच श्रुतिका सुखानं हसली. "बास गं गार्गी, किती वारा घालशील? हात भरून येतील तुझे."

गार्गीचे दोन्ही हात अजून तिच्या खांद्यांवरच होते.