पहिल्या अंजिराची टोपली

झाडावरचं पहिलं पिकलेलं अंजीर देवाचं, म्हणून जावयानं त्याला लव्हाळ्याची खूण बांधली होती. तो दमास्कसचा अरामी, आमचा यहुदी धर्म स्वीकारून घरात आलेला. यरुशलेमच्या मंदिरात टोपल्या खांद्यावर घेऊन आम्ही रांगेत उभे होतो. मी बजावलं, “जावईबापू, टोपली पुजाऱ्याला द्या आणि गप्प बसा. ‘देवानं आमच्या पूर्वजांना ही जमीन दिली’ असं वचनात म्हणावं लागतं. तुमचे पूर्वज कुठले?” तेवढ्यात पुढचा माणूस त्याच वचनाच्या सुरुवातीचं “माझा बाप भटका अरामी होता” म्हणत टोपली उतरवू लागला. जावयाचे डोळे विस्फारले. “मामा, कोणाचा बाप?” “आम्हा सगळ्यांचा. हळू बोला!” “अरामी? म्हणजे आमच्याकडचा?” इतक्यात त्याची पाळी आली. त्यानं टोपली मुकाट्यानं दिली. मग माझी. दरवर्षी ते वचन घडाघडा म्हणणारा मी नेमका त्या बापापाशीच अडखळलो. शेजारून जावई पुटपुटला, “भटका अरामी, मामा.”