रंकाळ्याची फेरी

निवृत्तीनंतर पुन्हा सायकलवर बसायला लागलेले आबा त्या सकाळी रंकाळ्याची फेरी मारून आले आणि माहेरपणाला आलेल्या लेकीला म्हणाले, “शाळेत वाऱ्यागत चालवायचीस. उद्या चल की!” तिनं नुसती मान हलवली. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. माणसांची रीघ लागली. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले, तेव्हा कुठे दमलेल्या अंगानं तिनं ती सायकल काढली. रंकाळ्यापर्यंत पोहोचताना मांड्या भरून आल्या. कट्ट्याजवळच्या चहावाल्यानं लांबूनच सायकल ओळखून बिनसाखरेचा चहा ओतला. आबांचा हा सायकलपुरता दोस्त हसला, “पोरीला पाठवून म्हातारा घरात लोळतोय व्हय? सांग त्याला, सुट्टी लई झाली!” घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बातमी आधीच कळलेली असायची; तिला ती कुणालाच तोंडानं सांगावी लागली नव्हती. सायकल स्टँडला लावून ती म्हणाली, “काका, आबा गेले.”